पेन्शन द्या, पण सातबारा मागू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शेतकऱ्याला पेन्शन द्या ही मागणी दर इलेक्शनला निघते आणि मतमोजणी झाली की विरून जाते, हे काय नवीन नाही. पण हल्ली त्याला जोडून अजून एक गोष्ट कानावर येते, की म्हाताऱ्या शेतकऱ्यांना पेन्शन द्यायची पण त्यांनी जमीन सोडायची या अटीवर, म्हणजे मग ती तरुण पोरांच्या हातात येईल, शेती सुधारेल, ड्रोन उडेल वगैरे. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून दोन पार्ट्या पडल्या आणि नेहमीप्रमाणे मुद्दा बाजूला राहून एकमेकांच्या नेत्यांवर घसरल्या, म्हणून म्हणलं पेपरलाच लिहावं. मी बार्शी तालुक्यातला, वय ४४, साडेचार एकर रान, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि पाणी असेल त्या वर्षी कांदा. माझं रान म्हणतोय खरं पण सातबारा आण्णांच्या म्हणजे वडिलांच्या नावावर आहे, आणि सगळा घोळ तिथूनच चालू होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. पेन्शन जरूर द्या, जमीन मोकळी व्हावी म्हणून द्यायची असेल तरी द्या, पण त्या बदल्यात म्हाताऱ्याकडून मालकी मागू नका, फक्त कसायचा हक्क मागा. मालकी मागाल तर योजना कागदावर राहील आणि वर घराघरात भांडणं लागतील.

आपल्याकडं शेतकरी पेन्शन अजिबातच नाही असं पण नाही. १२ सप्टेंबर २०१९ ला रांचीत पंतप्रधान किसान मानधन योजना सुरू झाली. २ हेक्टरपर्यंतचा शेतकरी, वय १८ ते ४०, महिन्याला वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार टाकणार, पैसा एलआयसी सांभाळणार आणि साठी झाली की महिना ३००० रुपये, माघारी बायकोला निम्मे. ऐकायला बरं वाटतं. तेव्हा मी ३८ चा, मला १८० रुपये हप्ता बसत होता. सेंटरवर गेलो तर तिथला पोरगा म्हणला सातबाऱ्यावर तुमचं नाव पाहिजे, ते पण १ ऑगस्ट २०१९ च्या आधीपासूनचं. नाव आण्णांचं. बरं म्हणलं मग आण्णांचा फॉर्म भर, तर चाळीशीच्या पुढं घेत नाहीत आणि आण्णा तेव्हाच पासष्टीच्या पुढं. म्हणजे बघा, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं वय बसत नाही आणि ज्याचं वय बसतंय त्याच्या नावावर जमीन नाही. पेन्शन शेतकऱ्याची आणि बाप-लेक दोघंही शेतकरी असून दोघंही बाहेर! खेड्यात चाळीशीच्या आत स्वतःच्या नावाचा सातबारा असणारी पोरं किती असतात हे योजना लिहिणाऱ्याने एखाद्या तलाठ्याला तरी विचारायचं होतं. आमच्याकडं बाप गेल्याशिवाय नाव लागत नाही, आणि देवाच्या दयेनं आता माणसं ऐंशी ऐंशी वर्षं जगतात.

आणि समजा बसलो असतो त्यात, तर माझी साठी २०४१ ला. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तरी २०४१ मधले तीन हजार म्हणजे योजना निघाली तेव्हाचे हजारभर रुपये. हजार रुपयासाठी कोण जमीन सोडणार? सोडायची अट त्या योजनेत नाहीये हे मला माहीत आहे, पण जे लोक म्हणतात की हीच योजना वाढवून तिला जमिनीशी जोडा त्यांच्यासाठी हा हिशोब आहे.

आज जो सत्तरीचा आहे त्याला काय आहे, तर श्रावणबाळ, म्हणजे राज्याची गरीब म्हाताऱ्यांसाठीची पेन्शन. ६५ च्या पुढं, महिना १५०० रुपये, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजाराच्या आत पाहिजे. २१ हजारात आज म्हैस येत नाही साहेब. म्हणजे चार एकरवाला शेतकरी एकतर खोटा दाखला काढणार नाहीतर सोडून देणार.

आता पीएम किसान घ्या. वर्षाला ६०००, आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे आणखी ६०००, असे १२ हजार म्हाताऱ्याच्या खात्यावर पडतात आणि खरं सांगायचं तर तीच त्याची आजची पेन्शन आहे. गोळ्या-औषधं, नातवाला खाऊ, लग्नकार्यातला आहेर, सगळं त्यातून. या योजनेच्या नियमात काय लिहिलंय बघा. १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती तोच पात्र, त्यानंतर नाव बदललं तर ते पुढची पाच वर्षं धरायचं नाही, आणि याला अपवाद एकच, जमीनधारक मयत झाला आणि वारस म्हणून नाव लागलं तर. परत एकदा वाचा. बापाने हौसेनं, जिवंतपणी, धडधाकट असताना पोराच्या नावावर जमीन केली तर बापाचे पैसे बंद आणि पोराला पण नाही. बाप मेला की मात्र पोरगा लगेच पात्र. सरकारच्या एका हाताला वाटतंय की तरुणांनी शेतीत यावं आणि दुसऱ्या हाताने तेच सरकार सांगतंय की मरेपर्यंत सातबारा धरून बसा. ती पाच वर्षं सरली पण लोकांच्या डोक्यात ती तारीख इतकी पक्की बसलीय की बक्षीसपत्राचा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, किसानचे पैसे बंद होतील का?

याचा त्रास कुठं दिसतो ते बघायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही गावच्या सोसायटीत, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, जाऊन बसा. चाळीस-पंचेचाळीसचा बाप्या स्वतःच्या पांढरे व्हायला लागलेल्या मिशांना कलप लावून आलेला असतो, पण कर्ज त्याला मिळत नाही कारण तो सभासद नाही, सभासद आहे त्याचा बाप, जो बाहेर मोटारसायकलवर बसून आहे कारण त्याला पायरी चढवत नाही. मग त्याला दोघं धरून आत आणतात. मशीनवर बोट ठेवलं तर ठसा उमटत नाही, आयुष्यभर खुरपं आणि दावं ओढून रेषाच राहिलेल्या नाहीत. हे बोट ठेव, ते बोट ठेव, थुंकी लाव, फडक्याने पूस. शेवटी ओटीपी. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर पुण्यातल्या धाकट्याचा, तो मीटिंगमध्ये. हे सगळं होईपर्यंत लंच ब्रेक होतो. ज्याला कुठलं बियाणं घ्यायचं, किती खत टाकायचं, फवारणी कधी करायची हे सगळं ठरवायचं आहे त्याच्या नावावर कर्ज नाही, विमा नाही, ठिबकची सबसिडी नाही, काहीच नाही. कागदावर शेती करणारा माणूस ७३ वर्षांचा आहे. ड्रोन कुठून उडणार?

म्हणून तरुणांना वाटतं की म्हाताऱ्यांनी सोडावं, आणि ते चुकीचं वाटतंय असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला वाटतं. पण म्हातारा का सोडत नाही हे पण बघा की. आमच्या वस्तीच्या पलीकडं एक आजोबा आहेत, त्यांनी दोन्ही पोरांना सगळं वाटून दिलं. वाटणीपत्र झालं, फेरफार झाला, पेढे वाटले. आता ते एक महिना थोरल्याकडं आणि एक महिना धाकट्याकडं जेवतात, आणि महिना ३१ चा असला की त्या एका दिवशी चहा कुठं घ्यायचा यावरून बोलणं ऐकतात. पोरं वाईट नाहीत हो. परिस्थितीच तशी आहे, दोन-दोन एकरात दोन संसार आणि त्यात कॉलेजची फी. पण हे बघून आमच्या आण्णांनी काय ठरवलं असेल? त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली असते, ओरिजनल आता ऑनलाइन निघतो हे मी शंभरदा सांगून झालं तरी. सातबारा आहे तोवर सून ताट वाढताना विचारून वाढते, असं ते माझ्या बायकोसमोर हसत हसत म्हणतात, आणि ती पण हसते, पण त्यांचं म्हणणं काय खोटं नाही.

इथं एक कामाची गोष्ट सांगतो, पेपर खेड्यात पण वाचला जातो म्हणून. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ मध्ये असं आहे की सांभाळायच्या अटीवर जमीन दिली आणि सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, अर्ज प्रांताकडं करायचा. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली पाहिजे, नाहीतर भांडण वाढतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एका निकालात हेच म्हणलंय. राज्यात मुलाला, मुलीला, बायकोला, नातवंडाला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो त्यामुळं लोक पटकन करून टाकतात, आणि स्टॅम्प लिहिणारा ठरलेला मजकूर चिकटवतो. त्याला सांगा, सांभाळायची ओळ टाक म्हणून. लाजू नका.

आता बाहेरच्या देशांचं. रात्री मोटारीची लाईट यायची वाट बघत मोबाईलवर वाचत बसायची मला सवय आहे, त्यातून जे कळलं ते लिहितो. युरोपात हा विचार फार जुना आहे. १९६८ ला सिको मान्सहोल्ट नावाचे हॉलंडचे गृहस्थ युरोपच्या कृषी खात्याचे प्रमुख होते, स्वतः आधी शेतकरी, त्यांनी प्लॅन मांडला की दहा-बारा वर्षात जवळपास ५० लाख लोकांनी शेतीतून बाहेर पडावं, म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी, आणि त्यांची जमीन उरलेल्यांना जोडून द्यावी. लोक इतके पेटले की मार्च १९७१ ला ब्रुसेल्समध्ये शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात एक शेतकरी मेला. तरी पुढच्या वर्षी, १९७२ ला, ५५ ते ६५ वयाच्या शेतकऱ्यांनी शेती सोडली तर पेन्शन अशी सवलत आलीच, जरा पातळ करून. आयर्लंडने १९९४ पासून ५५ च्या पुढच्यांना अशी पेन्शन दिली, शेत शिकलेल्या तरुणाला द्यायचं या अटीवर, आणि २००८ ला मंदी आली तशी नवीन अर्ज घेणं बंद करून टाकलं. म्हणजे सरकारचं बजेट आटलं की पहिला गळा शेतकऱ्याच्याच पेन्शनचा धरतात, ते काय आपल्याकडंच होतं असं नाही.

इंग्लंडने २०२२ ला वेगळं केलं, महिन्याची पेन्शन नाही, एकरकमी घ्या आणि शेतीतून बाहेर पडा, जास्तीत जास्त लाखभर पौंड. थोडीशी जमीन स्वतःकडं ठेवायला परवानगी होती, फार तर ५ हेक्टर. ५ हेक्टर! आमच्या गावात ५ हेक्टरवाल्याला बागायतदार म्हणतात आणि त्याच्या पोराला हुंडा मागायला लाज वाटत नाही.

जर्मनीचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथं १९५७ पासून शेतकऱ्यांना म्हातारपणाची पेन्शन आहे, चांगली गोष्ट, पण अट अशी की शेत दुसऱ्याला सोपवल्याशिवाय पेन्शन चालू होणार नाही. शेतकरी स्वतः हप्ते भरणार, आयुष्यभर, आणि साठी-पासष्टीला सरकार म्हणणार आधी शेत सोड. साठ वर्षं चाललं हे. मग २०१८ मध्ये तिथल्या घटना कोर्टाने सांगितलं की ही अट अशी चालणार नाही, आणि त्याच वर्षी ती गेली. त्यात एक कारण वाचण्यासारखं आहे. शेतकऱ्याच्या बायकोने पण स्वतःचे हप्ते भरलेले असायचे, पण नवऱ्याने शेत सोडलं नाही तर तिची पण पेन्शन अडकायची. ती काय करणार बिचारी, शेत तिच्या नावावरच नाही तर ती सोडणार काय? हे आपल्याकडं झालं तर किती बायका अडकतील याचा विचार करा, आमच्याकडं तर बाईचं नाव सातबाऱ्यावर लागतं तेच नवरा मेल्यावर.

जपानने १९७१ ला शेतकरी पेन्शन काढली, त्यात पण साठीनंतर शेती पुढच्याला सोपवली की जास्त पेन्शन. झालं काय, तर बऱ्याच जणांनी पोराच्या नावावर कागद केला, पोरगा शहरात नोकरीला, आणि शेतात म्हातारा तसाच. पुढं हप्ते भरणारे कमी आणि पेन्शन घेणारे जास्त झाले आणि २००२ ला सगळी योजना मोडून नवीन बांधावी लागली. २०२० च्या त्यांच्या गणनेत मुख्य व्यवसाय शेती असणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ निघालं. पन्नास वर्षं पेन्शन देऊन शेतकरी म्हाताराच राहिला, कारण जमीन सोडायला म्हातारा तयार झाला तरी घ्यायला तरुण पाहिजे ना.

आपल्याकडं तो प्रश्न जरा उलटा आहे. घ्यायला तरुण आहे, तो दारातच उभा आहे, पण सोडलेली जमीन जाणार कुठं? महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ हेक्टर राहिली. युरोपवाले जमीन सोडा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात असतं की शेजारच्याचं शेत मोठं होईल. आपल्याकडं म्हाताऱ्याने मालकी सोडली की तिचे तीन तुकडे होतात, बांधावरून भांडण होतं, एक तुकडा रोडला लागून असला तर त्याचं प्लॉटिंग होतं, आणि बहिणी आल्या की हक्कसोडपत्राचं राजकारण. रक्षाबंधनाला ओवाळणी घालून दुसऱ्या दिवशी रजिस्टर ऑफिसला नेणारे भाऊ मी बघितलेत. मालकी हलवली की हे सगळं हलतं. म्हणून मी म्हणतो मालकीला हात लावू नका.

मग कसायचा हक्क कसा सोपवायचा? भाड्याने, लेखी. आणि इथंच आपलं घोडं पेंड खातंय. माझ्या आज्याला जमीन मिळाली ती कूळ कायद्यातून (कूळ म्हणजे दुसऱ्याचं रान कसणारा), १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. त्या कायद्याने आमच्यासारख्यांची पिढी उभी राहिली, त्याला नावं ठेवायची माझी जीभ नाही. पण आज आम्ही मालक झालो आणि आम्हीच कुळाला भितो. आमच्या भागात कोणी अर्धेलीने म्हणजे निम्म्या पिकावर देतं, कोणी खंडाने म्हणजे ठरलेल्या रकमेवर, पण सगळं तोंडी, पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला माणूस बदलतात, एकाच माणसाने सलग केलं की हक्क सांगेल ही भीती. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद, पण मालकच स्वतःच्या नावाने करतो, कसणारा बांधावर उभा राहून फोटो काढून देतो फक्त. कसणाऱ्याला पीक विमा पाहिजे तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तो मालक कधी देणार नाही. गारपीट झाली की भरपाई मालकाच्या खात्यावर आणि नुकसान कसणाऱ्याचं. एक वर्षासाठी रान मिळालंय म्हणल्यावर तो शेणखत कशाला टाकेल, चर कशाला काढेल? नीती आयोगाने २०१६ ला भाडेपट्ट्याचा नमुना कायदा करून राज्यांना दिला, मालकाची मालकी पक्की आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळावा म्हणून. तो इथल्या तोंडी व्यवहारापर्यंत काय पोचला नाही.

आणि भाड्याचा कागद सरकारला करता येत नाही असं कोणी म्हणू नये. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सोलरसाठी जमीन भाड्याने घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दर वर्षी ३ टक्के वाढ, पक्का करार, मालकी शेतकऱ्याचीच. सगळं व्यवस्थित. म्हणजे सोलरच्या पाट्यांना जमीन दिली तर मालक निर्धास्त, आणि शेजारच्या पोराला ज्वारी पेरायला दिली तर त्याची झोप उडते! हेक्टरी सव्वा लाख जिरायत रानाला पीक घेणारा कोणी देऊ शकत नाही, निम्मे पण नाही, ते मला कळतं. तो फरक भरून काढायला पेन्शन पाहिजे. इथं पेन्शनचा खरा उपयोग आहे.

माझ्या डोक्यात जे आहे ते असं. साठी-बासष्टीच्या पुढच्या शेतकऱ्याने स्वतःचं रान निदान दहा वर्षांसाठी लेखी भाड्याने द्यावं, पोराला, पोरीला, सुनेला, भाच्याला नाहीतर गावातल्याच दुसऱ्या कोणाला, फक्त घेणारा स्वतः कसणारा आणि पंचेचाळीसच्या आतला असावा (मी काठावर बसतोय, तरी पण). सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात त्याची नोंद व्हावी आणि तिथंच स्पष्ट लिहावं की यातून कूळ हक्क लागत नाही. भाडं कसणारा देईल आणि त्यावर सरकार दर महिन्याला पेन्शन देईल, जोवर करार चालू आहे तोवर आणि करार संपल्यावर पण, हयातभर. त्या कागदावर कसणाऱ्याला सोसायटीने सभासद करावं, कर्ज द्यावं, विमा द्यावा. घरामागची दहा-वीस गुंठे म्हाताऱ्याने ठेवावी, भाजीपाला करावा, शेळी बांधावी, रानात जायचं नाही असं कोणी म्हणत नाही, आमच्या आण्णांना रानात जाऊ नका म्हणलं तर ते आठ दिवसात आजारी पडतील. आणि पेन्शन नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी, दोघांच्या खात्यावर वेगळी, जर्मनीतल्या बायकांसारखं एकाच्या सहीवर दुसरीचं अडकायला नको. आई पण पन्नास वर्षं त्याच रानात खुरपत होती, तिला कोणी शेतकरी म्हणून मोजलंच नाही.

कागदावर पोराला भाड्याने दाखवून पेन्शन उचलतील, असं कोणीतरी म्हणेलच. उचलू दे की. पोरगा खरंच रानात राबत असेल तर तेच तर पाहिजे आपल्याला, आज तो राबतोय पण त्याचं नाव कुठं नाही. पुण्याला असणाऱ्या पोराच्या नावाने दाखवलं तर ते पकडायला ई-पीक पाहणीचा फोटो आहे, लोकेशनसकट. जपानला १९७१ ला ते नव्हतं.

दुसरी शंका, की हा जमिनी कंपन्यांच्या घशात घालायचा डाव आहे. ही भीती मला खोटी वाटत नाही, केंद्राच्या २०२० च्या तीन शेती कायद्यांनंतर कोणाला वाटणार नाही? म्हणूनच घेणारा व्यक्ती पाहिजे, स्वतः कसणारा, आणि त्याच्याकडं एकूण किती जमीन जमा होऊ द्यायची त्याला मर्यादा पाहिजे. हे कायद्यात लिहायला पाहिजे, भाषणात नको. आणि जबरदस्ती नको. ज्याला मरेपर्यंत स्वतः कसायचंय त्याला कसू द्या, त्याचे किसानचे पैसे तोडू नका.

पैसा कुठून आणणार, हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि विचारणारे बहुतेक पगारदार असतात. मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्याचे कर्मचारी संपावर गेले, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर असेल, सरकारला बोलणी करावी लागली. पुणतांब्यापासून जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप झाला तेव्हा पण सरकार हललं होतं, पण त्या मागण्यात कर्जमाफी वर आली आणि म्हातारपणाचं मागं पडलं. कर्जमाफी एकदाची असते. आज गावात साठीच्या पुढचे शेतकरी मोजा, त्यातले किती जण स्वतःहून कसायचं सोडायला तयार आहेत ते विचारा, मग खर्चाचा आकडा काढा. हे सर्वेक्षण करायला कृषी सहाय्यक आहेत, ग्राम महसूल अधिकारी आहेत. एक तालुका तर करून बघा, आमचाच घ्या, दुष्काळी पण आहे आणि कांदा पण आहे, दोन्ही प्रकारचं रान मिळेल.

तोवर निदान दोन गोष्टी तर फुकटात होण्यासारख्या आहेत. बापाने जिवंतपणी रीतसर पोरा-पोरीच्या नावावर केलेली जमीन आणि वारसाने आलेली जमीन यांच्यात पीएम किसानने फरक करू नये, आणि सोसायट्यांनी बापाच्या संमतीपत्रावर कसणाऱ्या मुला-मुलीला सहकर्जदार म्हणून घ्यावं. यासाठी कायदा बदलायला नको, परिपत्रक काढलं तरी भागेल असं मला वाटतं, जाणकारांनी चूक असेल तर सांगावं.

कळावे,
आपला एक वाचक शेतकरी,
ता. बार्शी, जि. सोलापूर

ता.क. पत्र मोठं झालंय, मोबाईलवर टाईप केल्यामुळं कळत नाही किती झालं ते. जागा नसेल तर आयर्लंड-इंग्लंडचं कापा, पण १ फेब्रुवारी २०१९ चं आणि सोसायटीचं कापू नका. आण्णांना पत्र वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं आहे की पेन्शनचा आकडा लिहिला नाहीस, आकडा नसेल तर सरकार शंभर रुपये पण देईल. त्यांनी महिना पाच हजार सांगितलाय, आईचे वेगळे.